कवेलूवरचा दात

आई, काल नातवाचा दात पडला. म्हणजे तुझ्या पणतूचा. पेरू खाता खाता पडला, आणि पोरगं तो तळहातावर घेऊन माझ्याकडे धावत आलं. "आजोबा, मम्मी म्हणते छपरावर फेकायचा असतो. आपलं छप्पर कुठंय?" चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटला कुठलं आलं छप्पर? आमच्या डोक्यावर पाचव्या मजल्यावाल्यांची मोरी. सून हसली, मीही हसलो, पण मग मला तिथं बसवेना. खोलीत आलो आणि हे लिहायला घेतलं. तुझ्याशी बोलताना जन्मभर 'तुले' म्हटलं, कागदावर मात्र 'तुला'च उतरतं. मास्तरांचा मार, दुसरं काय.

तो नेपाळी पोट्टा तू विसरली नसशीलच. आणीबाणी उठल्यानंतरचा हिवाळा. मी कचेरीत साधा कारकून, पण मोहल्ल्याच्या फुटबॉल क्लबाचा सेक्रेटरी, आणि त्याचीच ऐट जास्त. धान्याच्या गोदामावरचा नेपाळी चौकीदार नेहमी सांगायचा, आमच्या गावात एक पोरगा आहे, चेंडू त्याच्या पायाला नुसता चिकटतो. तो सुट्टीवर निघाला तेव्हा मीच त्याच्या हातात गाडीभाडं ठेवलं. म्हटलं, येताना घेऊन ये, त्याच्या बापाला सांग शाळेत घालतो. महिन्याभरानं पोट्टा आपल्या अंगणात उभा, आणि तू त्याला पहिल्यांदा हातपाय धुवायला लावलंस. चौकीदार पुढं काम सोडून सुरतेकडे गेला. पोट्टा आपल्याकडेच राहिला.

लीगचा नियम साधा होता. दुसऱ्या देशातलं पोर अठराच्या आतलं असेल तर खेळवायचं नाही. आईबाप इथंच राहत-कमावत असतील तरच सूट. या नियमाची आम्ही फार टर उडवली. नेपाळ का परदेश झाला? पासपोर्ट नाही, काही नाही, गाडीत बसला माणूस की आला. पोरगा माझ्या काखेपर्यंत पोचत नव्हता, तरी मी त्याचं वय अठरा लिहून दिलं. कोणी विचारलं तर उत्तर तयार होतं, "पहाडी लोकं असेच बुटके असतात." तुलाही हेच सांगितलं. तू मान डोलावलीस, पण दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ताटाशेजारी दुधाचा पेला ठेवायला लागलीस.

चुलीजवळ ऊब म्हणून तो स्वयंपाकघरातच निजायचा. सगळे तुला आई म्हणायचे म्हणून तोही म्हणायला लागला. आधी नुसतं हिंदी यायचं त्याला, मग एक दिवस आतून आवाज आला, "आई, भूक लागून राहिली!" तू इतकी हसलीस की तव्यावरची भाकर करपली. शाळेचं मी आज-उद्यावर ढकलत होतो.

आणि तो रविवार. अजून दिसतो मला. तू चुलीपुढं बसली आहेस, आम्ही दोघं पाटावर. पोट्टा भाकरीचा कडक पापुद्रा दातानं तोडतो आणि एकदम थांबतो. मूठ आवळून घेतो. त्याला वाटतं, काहीतरी मोडलं, आता रागावणार. तू त्याची मूठ उघडतेस. "अगं बाई! दात पडला वं माय याचा!" तोंड उघडायला लावून आत बघतेस. खालून नवा दात डोकावतो आहे. तू त्याला अंगणात नेतेस, दात छपराच्या कवेलूवर फेकायला शिकवतेस. पहिल्यांदा फेकलेला दात घरंगळून खाली येतो, तुम्ही दोघं वाकून शोधता, पुन्हा फेकता. मी पाटावरच.

आत आल्यावर तू हसत नव्हतीस. "अठरा वर्साचा घोडा म्हनला होता ना तू? अन् याचे दुधाचे दात पडून राहिले! काहून खोटं बोलला गा मले?"

"आई, पहाडी लोकं..."

"चूप राह्य! पहाडावरच्या बाया का येगळे लेकरं जनते काय?" मग पोरानं ऐकू नये म्हणून आवाज खाली आणलास. "ज्यानं नियम केला त्याले अक्कल होती. लेकरू मायजवळच पाह्यजे. याले सोता नेऊन पोचव. तिच्या हातात देऊन ये."

"फायनल होऊ दे," मी म्हटलं.

"लाज वाटू दे जराशी," तू म्हटलंस.

लाज नाही वाटली, आई. सेमीफायनलला त्यानं गोल मारला, लोकांनी त्याला खांद्यावर नाचवलं, तेव्हा मी छाती फुगवून फिरत होतो. मग समोरच्या टीमनं तक्रार केली. लीगचा निरोप आला, पोराला सोमवारी हजर करा, डॉक्टर वय तपासणार, म्हणजे तोंड उघडून दात बघणार. क्लब बाद झाला असता आणि मोहल्ल्यात माझं नाक कापलं गेलं असतं. रविवारी तू मावशीकडे हळदीकुंकवाला उमरेडला गेली होतीस. सोमवारी पोरगा दिसायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. त्याच दुपारी त्याला स्टेशनवर नेलं आणि तिकीट हातात दिलं. इटारसीला उतर, गोरखपूरची गाडी विचार, असं सांगितलं. एवढ्याशा पोराला, आई! सोबत कोणी नाही.

तू संध्याकाळच्या एस.टी.नं आलीस, पदराच्या गाठीत त्याच्यासाठी तिळाचे लाडू. मी म्हटलं, त्याचा बाप आला होता, घेऊन गेला. "अन् मले भेटल्याबिगर गेला?" म्हटलं, घाईत होते. तू गाठ सोडलीस, लाडू डब्यात ठेवलेस. "पाया नको पडू, पन 'येतो' तं म्हनाचं होतं," एवढंच बोललीस. तपासायला पोरगाच नाही म्हणून तक्रार बारगळली. क्लब वाचला, फायनल हरलो, मी सेक्रेटरीच राहिलो.

पण तुझं ते जाईना. दर उन्हाळ्यात कवेलू फेरायला माणूस छपरावर चढला की खालून ओरडायचीस, "दात दिसला तं ठेवजो गा, फेकू नोको!" आणि मग स्वतःशीच, "परक्याचं ते परक्याचंच." शेवटच्या दुखण्यातसुद्धा हेच म्हणालीस. मी उशाशी बसून तुझे पाय चेपत होतो. तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं. पोट्टा घरी पोचला की नाही, हे मी कधी कोणाला विचारलंही नाही.

आताच नातू डोकावून गेला. "काय लिहून राहिले आजोबा?" म्हटलं, विजेच्या बिलाची तक्रार. बघ, जित्याची खोड. हे कागद गादीखाली जातील, दुसरं कुठं टाकणार? पण त्याचा बाप आल्याचं खोटं तू तेव्हाच ओळखलं असशील, तुझ्यापुढं माझं खोटं कधी टिकलंय? जे तुला ओळखता येणं शक्य नव्हतं, तेवढं लिहितो.

पोट्टा निघायला तयार नव्हता. पिशवी घेऊन ओट्यावर बसून राहिला. "आई को आने दो ना दादा, फिर जाता हूँ." गाडीची वेळ होत होती. मी म्हटलं, "आईनेच बोला है, तेरे को भेज दो."

त्यानं एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं. मग उठला आणि म्हणाला, "आई ने बोला तो ठीक है."