मागच्या नळीतला खळगा

भोईवाडा, परळ
रविवार, १० ऑगस्ट २०२५

सायकली घडवणाऱ्या, आणि तरीही प्रत्येक प्रदर्शनात 'पण हे बनवतं कोण?' असं तोंडावर ऐकून घेणाऱ्या तमाम भगिनींनो,

तमाम म्हणजे तू आणि मी. सभा छोटी आहे, पण गाऱ्हाणं मोठं आहे. मार्चमधला तो सफारीवाला गृहस्थ आठवतो ना? माझ्या हातावर नळ्या सांधतानाचे, ब्रेझिंगचे चटके, तुझ्या नखांत अॅल्युमिनियमचा कीस, आणि तो आपल्या दोघींच्या डोक्यावरून माझ्या भावाकडे, मयूरकडे बघून विचारतो, "भाईसाब, ये डिझाइन आपका है?" मयूर म्हणाला, "नहीं सर, मैं सिर्फ गिरता हूँ." तू हसून हसून खाली बसली होतीस. मी मात्र त्या माणसाला उभ्याउभ्या एक भाषण दिलं होतं.

तर देविका, नमस्कार. तू बरी असशील. गिरगावात काकूंचा गुडघा कसा आहे? आमच्याकडे सगळे खुशाल. आई रोज सकाळी माझ्याशी आणि संध्याकाळी टीव्हीशी भांडते. लालबागला मंडपांचे बांबू पडलेत, निम्मा रस्ता गेला, आणि उरलेल्या निम्म्यावरून मी खांद्यावर नळ्या घेऊन चालते तेव्हा मंडळाची पोरं विचारतात, "ताई, आपल्याकडे द्या की, कमान करू." गुरुवारी चाळ समितीच्या सभेत बिल्डरच्या माणसाला मी पाऊण तास झोडपलं. टाळ्या भरपूर पडल्या. घरी आले तर ती सभा कशी झाली हे ऐकायला कोणी नव्हतं.

फोन न करता पत्र का, असं विचारशील. फोनवर मी तापले की तू "दर्शू, माइक बंद कर" म्हणतेस आणि ठेवून देतेस. कागदाला ते जमत नाही. मयूरच्या हाती देते आहे. तो तसाही दिवसाआड तुझ्या माझगावच्या गाळ्यातच असतो.

आता मुद्द्यावर येते. मयूरची नवी फ्रेम झाली. स्टीलचीच, नेहमीच्या निळ्या रंगात. तिच्या मागच्या नळीत मी खळगा ठेवलेला नाही. विसरून नाही, मुद्दाम. म्हणजे पेडलपाशी फिरणारं तुझं दातेरी चेनव्हील तिला बसू नये म्हणून. आडून कशाला सांगू? त्या नळीच्या एका बाजूला चिखल खाणारं जाड टायर, दुसऱ्या बाजूला तुझे दात. चिखलात पोरगं कायम हलक्या गियरवर असतं म्हणून तू तुझं चेनव्हील आत ओढून बसवतेस, आणि ते आत आलं की नळीला घासतं. त्यासाठी मी आजवर प्रत्येक फ्रेमच्या नळीला तिथे अंगठ्याएवढा खळगा देत आले. स्वतःच्या नळीला स्वतः चेपायचं, कशासाठी, तर तुझं नाव कोरलेलं चाक तिथे ऐटीत फिरावं म्हणून! या वेळी नाही दिला. सरळ नळी जास्त ताठ असते, असं मी मयूरला समजावलं. चांगलं समजावलं. मलाही पटलं.

मासिकात छापून आलेला तो फोटो तू पाहिलाच असशील. तुझ्याच भिंतीवर लावलाय म्हणे मोठा करून. चिखलाने माखलेली सायकल, मधोमध तुझं चेनव्हील, चेन उतरू नये म्हणून एक दात जाड, एक बारीक, आणि खाली ओळ: 'मुंबईच्या देविकाची करामत.' त्या फोटोत माझ्या फ्रेमची चार बोटं नळी दिसते. निळी. तेवढीच मी. आता तिकडे नेदरलँडमधून लोक तुझ्याकडे दात मागायला लागले, आणि माझ्याकडे कॉटन ग्रीनच्या गाळ्यावर परवा एक माणूस मुलाच्या सायकलला बास्केट बसवून मागायला आला. बसवून दिली. हो, मी जळते. रंगमंचावर उभी राहून सांगायला सांग, तिथेही सांगेन.

आणि आपला गाळा सोडून तू गेलीस तेव्हा निदान भांडायचं तरी. तुझ्या नव्या मशीनला थ्री-फेज वीज लागणार होती, आपल्या गाळ्यात ती नव्हती, माझगावला मिळाली. एवढं सरळ कारण! मी काय बोलणार त्याच्यावर? भांडण असतं तर मी जिंकले असते.

बरं, पुढचं ऐक. मयूरने तुला अर्धवटच सांगितलं असणार.

काल आम्ही नवी फ्रेम घेऊन शिवडीच्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. तुझ्याऐवजी बाजारातून आणलेलं चेनव्हील लावलं होतं, चांगल्यातलं. शर्यतीत उतरून, सायकल उचलून ओलांडायच्या असतात तशा मी फळ्या आडव्या ठोकल्या, दोरी बांधून वळणं आखली. पहिला फेरा देखणा गेला. दुसऱ्या फेऱ्यात फळ्यांपाशी उतरला, सायकल उचलली, पलीकडे धाडकन टाकली, उडी मारून बसला आणि पाय मोकळे फिरायला लागले. चेन उतरली होती. चढवली. पुढच्या फेऱ्यात परत तिथेच. मग मात्र त्याने चेन चढवलीच नाही. सायकल खांद्यावर टाकली आणि उरलेलं वर्तुळ धावत पूर्ण केलं. माझ्यासमोरून जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

घरी आल्यावर त्याने पिशवीतून तुझं चेनव्हील काढलं. म्हणजे ते त्याच्याकडे होतंच! मला न विचारता त्याने ते चढवून बघितलं. अर्धा फेरा फिरलं आणि दातांनी माझ्या निळ्या रंगावर ओरखडा काढला.

"ताई, हे बसत नाही."

"नाही बसणार."

"देविकाताई म्हणाली होती, तू यंदा खळगा देणार नाहीस."

देविकाताई. तुला सांगते, त्या ओरखड्याचं मला काही वाटलं नाही. पण 'ताई' हा शब्द आमच्या घरात मला एकटीला होता. बाबा गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. मी त्याला दादरच्या वाळूत सायकल शिकवली, तो पडला की मीच ओरडायचे आणि मीच उचलायचे. आता घरी येऊन तो मला सांगतो, देविकाताई म्हणते टाच बाहेर काढू नकोस. देविकाताई म्हणते रात्री केळं खा. देविकाताईकडे चहात गवती चहा असतो. मी म्हटलं, "मग तिथेच राहा ना, गवत खा."

तो म्हणाला, "तुमच्या दोघींच्या भांडणात मी काय स्टँड आहे? दोन्ही बाजूंनी फ्रेमा टांगायला?"

"भांडण कुठाय? आमचं भांडणच झालेलं नाही."

"तेच तर ना. एकदा भांडून टाका आणि मला सायकल द्या. चोवीस तारखेला शर्यत आहे माझी, तुमची नाही."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझी फ्रेम बरी, तिचा चाक बरा, मगे झील चलत कित्याक इलो?"

मी चाळीस मिनिटं कुठल्याही विषयावर बोलू शकते, तुला माहीत आहे. 'पोरगा चालत का आला' या प्रश्नावर मात्र मी तिच्या शेजारी बसून तांदूळ निवडायला लागले.

मग त्याने दाराबाहेर ठेवलेली तुझी फ्रेम आत आणली. तू स्वतः जोडलेली पहिली फ्रेम. म्हणाला, शर्यतीला ही घेतो, तीन वेळा चालवून बघितली आहे. देविका, मी टॉर्च घेऊन जमिनीवर बसले आणि तुझा एकेक सांधा तपासला. दोष काढायलाच बसले होते. पेडलच्या आसापाशी एखादा गाठाळ थेंब, एखादी जळलेली कड. काही नाही. तू माझ्या खांद्याशी उभी राहून ज्योत बघायचीस तेव्हा मला वाटायचं कंटाळली आहेस. तू शिकत होतीस. सांधे माझ्याइतके चांगले आहेत. एक तर माझ्याहून चांगला आहे. तो कुठला, ते मी सांगणार नाही.

आणि मग मयूरने शर्ट काढला. उजव्या खांद्यावर, त्या मोडून जुळलेल्या हाडावर, जांभळा वळ. तुझी वरची नळी गोल आहे. तीन वेळा खांद्यावर घेऊन धावला तेव्हा ती तिथेच टेकली. माझी नळी खालून चपटी असते, ती कोणाला शोभा वाटते, तुलाही वाटत असेल. ती त्या हाडासाठी आहे. त्याला विचारलंस तर तो म्हणेल दुखत नाही. तो मलाही तेच म्हणाला.

तो वळ बघून मला आनंद झाला. लिहूनच टाकते. माझ्या भावाच्या खांद्यावरचा वळ बघून माझ्या मनात पहिलं आलं ते, सापडला दोष! मी आजवर किती व्यासपीठांवरून सांगितलं असेल की माणसाच्या शरीरापुढे यंत्र दुय्यम, कामगाराच्या खांद्यापुढे मालकाचा माल दुय्यम. ऐकणारे उठून उभे राहिले आहेत. आणि इथे खांदा घरचा होता, आणि मी माल तपासत होते.

शर्यतीत काय पणाला लागलं आहे ते तुला माहीत आहे. पहिल्या दोघांना क्लब हिवाळ्यात बेल्जियमला नेणार. गोदीतल्या कंत्राटाच्या नोकरीतून त्याला एवढी सुट्टी यंदाच मिळते आहे, पुढल्या वर्षी सुट्टी देणारा हा साहेब असेल की नाही देव जाणे. तुझ्या फ्रेमवर बसला तर सायकल उचलताना खांदा चुकवणार आणि फळ्यांपाशी मागे पडणार. माझ्या फ्रेमवर बसला तर चेन उतरणार आणि चालत येणार. मागच्या वर्षीची जुनी फ्रेम तर तू पाहिलीच आहेस, तिच्या डोक्याशी, हँडलखाली तडा आहे. म्हणजे तुझ्या-माझ्यापैकी कोणा एकीची सायकल घेऊन तो हरणार, एवढं नक्की.

काल झोप लागेना म्हणून मी विचार करत पडले होते की तुझा एवढा राग का येतो. फोटो? तो काढणाऱ्याला अक्कल नव्हती, त्यात तुझा काय दोष. नेदरलँडचे दात? ते तुला मिळायलाच हवेत. तुझी मेहनत मी बघितली आहे. एक चेनव्हील कापून, चिखलात बुडवून, फेकून, परत कापायचीस. मग मला मयूर दिसायला लागला. तुझ्या गाळ्यात उलट्या डब्यावर बसलेला. तू काहीतरी कापते आहेस, तो बडबडतो आहे, तू मान न वळवता त्याला एखादा टोमणा मारते आहेस, आणि तो हसतो आहे. चहा येतो. त्यात गवती चहा. ती बसायची जागा माझी होती, देविका.

मला वाटत होतं माझ्या भावाला तू घेतलंस म्हणून मी जळते. मी भावावर जळते. तो उठतो आणि तुझ्याकडे येतो. त्याला कारण लागत नाही.

असो. यावर बोलायचं नाही. फार बोलायला लागलीस तर मी भाषण करेन.

तर ठराव असा. निळी फ्रेम राहील आणि तुझं चेनव्हील बसेल. खळगा आता जोडलेल्या फ्रेमवरच घ्यायला हवा. सुट्या नळीवर घेण्यापेक्षा हे अवघड आहे. जरा जास्त चेपली तर नळी दुमडते, आणि दुमडली की फ्रेम भंगारात. मापाचं म्हणशील तर आपण ते कधी घेतलंच नाही. मी नळी व्हाइसच्या जबड्यात धरून, लाकडाचा गोल ठोकळा लावून पाव फेरा आवळायचे आणि सोडायचे, तू चेनव्हील चढवून हळूच फिरवायचीस, नळीला कान लावायचीस आणि म्हणायचीस, "अजून." परत पाव फेरा. परत "अजून." आणि मग एकदा, "बस." त्या 'बस'वर मी कधी वाद घातला नाही. आयुष्यात दुसऱ्या कोणाच्या 'बस'वर वाद न घातल्याचं एकही उदाहरण नाही.

मी एकटीने हे करायला बसले होते आज सकाळी. व्हाइस लावला, हात ठेवला, आणि काढून घेतला. मी आवळायला लागले की मला थांबता येत नाही. बोलताना येत नाही, रागावताना येत नाही, तर नळी चेपताना कुठून येणार?

तेव्हा बुधवारी सकाळी चेनव्हील घेऊन कॉटन ग्रीनला ये आणि मला थांबव.

भाषण संपलं. टाळ्या नकोत, तू ये.

तुझी,
व्हाइसपाशी उभी असलेली
दर्शू