बेटावर गेलेल्या साड्या

ओंगार, डब्लिन
ऑक्टोबर २०२१

ती. आई,

‘प्रिय’ लिहिलं होतं, ते खोडलं. ‘तीर्थस्वरूप’ निदान रिवाज म्हणून खपून जातं. नमस्काराचं नंतर बघू.

तुम्हाला जाऊन सहा महिने झाले आणि काल तुमच्यासाठी निरोप आला. मार्लीनच्या मावशीचा, तिच्या त्या कॅरिबियन बेटावरून. गोधडीचा एक कोपरा उसवलाय, तो कसा शिवायचा ते शिवणाऱ्या बाईंना विचारून कळवा, असं लिहिलंय. बाई आता नाहीत हे त्यांना कोणी कळवलेलंच नाही. मार्लीन मला म्हणाली, “यू टेल हर, लव्ह. आय हॅवन्ट द हार्ट.” म्हणजे हेही माझ्याच गळ्यात. तुमचं निस्तरणं काही संपत नाही.

तीन महिन्यांसाठी आला होतात तुम्ही. मग विमानं बंद झाली आणि घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही असा हुकूम निघाला. त्या दोन किलोमीटरांत तुम्ही मार्लीनला शोधून काढलंत. तीन घरं सोडून राहणारी, ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलातली नर्स. वादळात छप्पर उडालेल्यांना, घर जळालेल्यांना तिची मावशी तिकडे खाट, शेगडी, पांघरुणं, मुलांचे बूट देते. चार बायकांची छोटीशी संस्था. मार्लीन इथे गॅरेजमध्ये निळं प्लॅस्टिकचं पिंप भरते आणि बोटीने पाठवते.

तुम्हाला इंग्लिश येत नव्हतं आणि तिला मराठी. तरी मधे तुमच्या नातीला, इराला, दुभाषी बसवून तुमचं इतकं जमलं की मी बघतच राहिले. माझ्या पोळीला “कागद” म्हणायचात, आणि तिचा तो कोरडा केक “लई ग्वाड” म्हणून दोनदा घेतलात. मी काय घोडं मारलं होतं तुमचं?

त्या पिंपासाठी तुम्ही गोधड्या शिवायला घेतल्यात तेव्हा “उन्हाच्या बेटावर गोधड्या कशाला?” असं मी विचारलं होतं. तुम्ही मान वर न करता म्हणालात, “पांघराया न्हाई, खाली घालाया. गादी न्हाई त्यास्नी. भुई टोचती पाठीला.” बरोबर होतं तुमचं. तुमचं बहुतेक वेळा बरोबरच असायचं, तेच तर असह्य व्हायचं.

मी प्लांटवर जायचे. औषधांचे कारखाने काही बंद नव्हते. तुम्ही दिवसभर मार्लीनच्या गॅरेजमध्ये दार उघडं ठेवून शिवत बसायचात. एका रविवारी मी सुई घेऊन शेजारी बसले, तर माझी अख्खी ओळ तुम्ही उसवलीत. वर शिकवणी घेतलीत: “वाकळंला चांगलं कापड वर लावायचं, फाटकं-तुटकं आत भरायचं. येवढं बी शिकवलं न्हाई आईनं?”

माझी आई शाळेत शिकवत होती हो. पुण्यात, तीस वर्षं. गोधड्या शिवायला वेळ नव्हता माईला.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात थंडी पडली म्हणून मी हॉट प्रेस उघडलं, ते बॉयलरजवळचं उबदार कपाट. खालच्या फळीवर माईच्या सहा सुती साड्या असायच्या. ती गेल्यावर तिच्या घरातून मी एवढंच आणलं होतं. सुपरमार्केटच्या पिशवीत ठेवल्या होत्या, कबूल. त्या जागेवर नव्हत्या. पिशवी मात्र तुम्ही व्यवस्थित घडी करून ठेवली होतीत.

“आई, माईच्या साड्या?”

“त्या व्हय? मला वाटलं टाकायच्या हायती. पिशवीत कोंबलेल्या.”

“कोंबलेल्या नव्हत्या. ठेवलेल्या होत्या.”

“आता गेल्या त्या बोटीनं. कुणाच्या तरी उपेगाला येतील.”

एवढंच. सॉरी नाही, चुकलं नाही. तुमचे चिरंजीव म्हणाले, “जाऊ दे ना वैशाली, तिला काय कळतंय.” या घरात ‘जाऊ दे’ माझ्याच वाट्याला येतं.

त्यानंतर दोन महिने मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. डिसेंबरात तुम्हाला तिकीट मिळालं तेव्हा विमानतळापर्यंत गाडी मी चालवली, पण उतरले नाही. निलेशने बॅगा काढल्या, इरा तुमच्या पाया पडली, आणि मी समोरच्या काचेतून बघत राहिले. तुम्ही माझ्या खिडकीशी येऊन उभ्या राहिलात. काच खाली करायला किती वेळ लागतो? मी केली नाही. एप्रिलमध्ये तुम्ही साताऱ्यात गेलात. निलेशला पोचता आलं नाही. तो रडत होता तेव्हा मी चहा करत होते.

तरीही मी उन्हाळ्यात मार्लीनकडून मावशीला लिहवून घेतलं. एक गोधडी तरी परत द्या. हिरवी साडी लावलेली, जिच्या काठाजवळ लाल शाईचा डाग आहे. पेपर तपासताना माईचं पेन गळलं होतं, त्याचा. ती गोधडी एका एकट्या म्हाताऱ्या बाईंकडे आहे म्हणे. छप्पर गेलेलं, अजून पुरतं झालेलं नाही. त्या म्हणाल्या, कोणाच्या आईची असेल तर परत द्यायलाच हवी. फक्त कोपरा उसवलाय, तो शिवून देते.

म्हणजे बघा, साड्या माझ्या, आई माझी, आणि म्हातारीच्या पाठीखालचं अंथरूण ओढणारी दुष्ट बाईही मीच. हे तुम्हालाच जमू जाणे.

मावशीने फोटो पाठवला. मी तो मोठा करून पाहिला. वर माईची हिरवी साडी, तो डाग, आणि तिच्याभोवती तुमचे ते बारीक, सरळ टाके. उसवलेल्या कोपऱ्यातून आतलं कापड दिसतंय. डाळिंबी रंगाचं इरकल, लाल-पांढऱ्या पदराचं. निलेशने पहिल्या पगारात तुम्हाला घेतलेलं लुगडं. इराच्या वाढदिवसाला नेसणार म्हणून आणलेलं, ज्याला तुम्ही कोणाला हात लावू देत नव्हतात.

ते आत. माईचं वर.

टाकायच्या वाटल्या असत्या, आई, तर त्या साड्या आत गेल्या असत्या. तुम्हाला ठाऊक होतं त्या कोणाच्या आहेत. तुम्ही पिशवी उघडलीत, साड्या पाहिल्यात, माझ्या आईला मान दिलात, आणि स्वतःचं कोरं लुगडं भर म्हणून घातलंत. आणि मला तोंडावर खोटं सांगितलंत.

मला राग चोरीचा नाही आता. राग याचा आहे की एवढं केलंत आणि एक वाक्य बोलला नाहीत. “वैशाली, माझं बी घातलंय त्यात,” एवढं म्हणाला असतात तर मी गाडीतून उतरले असते. कशासाठी दाबून ठेवलंत? सुनेपुढे चांगलं दिसायची लाज वाटत होती?

मावशीला मी आज उत्तर लिहिलं. गोधडी परत नको. कोपरा दुहेरी दोऱ्याने, कडेकडून आत शिवा. शिवणाऱ्या बाई एप्रिलमध्ये गेल्या. त्या माझ्या सासूबाई होत्या.

आता तुमचं. वजन जास्त होतंय म्हणून तुम्ही दोन इरकली लुगडी इथेच ठेवून गेलात, “पुढच्या खेपेला नेसीन” म्हणून. निलेशला ती आठवण म्हणून जपायची आहेत. मी ती या रविवारी कापणार आहे. वर तुमची लावीन, आत माझ्या साड्या भरीन, आणि वाकडे आले तरी टाके माझेच असतील. ती गोधडी मी अंगावर घेणार आहे, दुसऱ्या कोणाला देणार नाही. वचन देते.

आणि नाही, तुम्हाला विचारणार नाही. तुम्ही मला विचारलं होतंत का?

पाया पडते. त्या दिवशीचा नमस्कार राहिला होता.

तुमची सून,
वैशाली