सोजरबाईंना ओळीत बसवण्याचा माझा बेत

मालेगाव, १ जानेवारी १९३८. शनिवार, सकाळ.
नवीन वर्ष. संकल्प: रोज पहाटे उठणे. (आज उशीर झाला, पण कालची झोप जुन्या वर्षातली, ती धरायची नाही.) दुसरा संकल्प फार मोठा. 'मालेगाव व आसपासच्या सेवाव्रती भगिनी' हा ग्रंथ मी लिहिणार, तोही त्या भगिनींच्याच तोंडून ऐकून. पुढच्या महिन्यात वाशीमला महिला परिषद आहे, तिथे वाचून दाखवीन. ही आयडिया वऱ्हाडात आजवर कुणाला सुचलेली नाही. सुचली असली तर त्याने आळस केला. पहिल्या पानावर लेखकाचा फोटो. भगिनींचे फोटो जागा उरल्यास.

पत्नीला सांगितलं. विजयमाला म्हणाली, बायकाइचं आयकाचंच हाये तर घरापासून सुरू करा. हसलो. घरी ऐकतोच आहे लग्नापासून.

५ जानेवारी.
तांड्यावर जाऊन हिरीबाईला भेटलो. हिने तांड्यातल्या बायका जमवून मोहाच्या दारूची भट्टी फोडली, दोन महिने झाले. प्रथम मी दारूबंदीवर थोडं बोललो, म्हणजे तिला सांगायला हुरूप यावा. बोलता बोलता ऊन वर आलं. हिरीबाई उठली आणि म्हणाली, तुमचं झालं असंन तं मी जातो बावा, कापूस येचाचा हाये. तिचं ऐकायचं राहिलं. तरी मुलाखत उत्तम झाली. मुद्दे सगळे आले, फक्त माझ्या तोंडून.

८ जानेवारी.
आज सोजरबाई. ग्रंथाचा आत्माच म्हणायचा. लहानपणी विधवा झाल्या. अठरा सालच्या मानमोडी तापाच्या साथीत ज्या घरात सगळे आडवे पडलेले, तिथे पेज घेऊन शिरायच्या. मुलींची शाळा निघाली तेव्हा पोरी पाठवायला कुणी तयार नव्हतं, तर यांनी दारोदार फिरून पोरी गोळा केल्या. अजूनही रोज त्यांना नेतात, आणि शाळा सुटेपर्यंत वर्गाच्या दाराशी बसून राहतात.

हे सगळं गावाकडून ऐकलेलं. स्वतः त्या काही सांगेनात. साथीचं विचारलं तर म्हणाल्या, तुह्या मायले पूस, तिले समदं ठाव हाये. आईला काय विचारायचं? आई स्वयंपाकघरात असते. कागदावर लिहून घेतलं: 'सोजरबाई विनयी आहेत.'

मग त्यांनी अट घातली. म्हणाल्या, पुस्तकात बसवाले आला, तं पह्यले हळदीकुंकवात बसव. साऱ्या गावाच्या पोरी माह्या मांगं येतात, पन तुह्या घरी मले मांगच्या दारानं या लागते, आन् संक्रांतीचं वाण कोनी हाती देत नाई. तुही बायको कुंकू लावीन माह्या कपायाले, तवा तू तिथं उभा राहून हो म्हनजो. बाईनं एकटीनं केलं तं बोल बाईलेच लागते. घरच्या मानसानं हो म्हनलं का मंग कोनी काई म्हनत नाई. तेवढं कर, मी समदं सांगीन. वाशीमलेई येईन.

जागच्या जागी शब्द दिला. छातीवर हात ठेवून. डोळे पाणावले (माझे).

९ जानेवारी.
विजयमालेला बेत सांगितला. मला वाटलं होतं, समजावून सांगावं लागेल, म्हणून उदाहरणं काढून ठेवली होती. ती एवढंच म्हणाली, मी लावतो कुंकू. तुमी निस्ते उभे राहा. एकही उदाहरण वापरता आलं नाही.

अडचणी दोन. एक, दौलतरावकाका. शेजारीच राहतात, आणि वडील गेल्यापासून घरात त्यांचाच शब्द चालतो. त्यांना मी समर्थ आहे. दुसरी अडचण आई. ती जुन्या वळणाची. वडील गेल्यापासून हळदीकुंकवाच्या दिवशी ती मधल्या घरात तिळाचे लाडू वळत बसते, बाहेर येतच नाही. तिला हे सहन व्हायचं नाही. म्हणून तिला कुणी काही सांगू नये, असं विजयमालेला बजावलं. सुधारकाला घरच्यांची मनंही जपावी लागतात.

१४ जानेवारी. संक्रांत.
हळदीकुंकू रविवारी तेवीस तारखेला ठरलं. नुसतं 'हो' म्हणणं फार त्रोटक वाटतं, म्हणून छोटंसं स्पीच तयार केलं. शेतातल्या गोठ्यात ढवळ्या बैलासमोर प्रॅक्टिस केली. 'रूढीच्या शृंखला' या शब्दांवर हात उगारला तेव्हा तो दचकला. म्हणजे परिणाम होतो.

१९ जानेवारी.
काका आले होते. आज सांगून टाकायचंच, असा निश्चय होता. हरभऱ्याचं बोलणं निघालं, मग घाटेअळीचं. मग काकाच म्हणाले, आयकून राह्यलो का तू सोजरीले बलावून राह्यला हळदीकुंकवाले? काहून रे?

मी म्हणालो, बायकांचं बायकांनाच ठाऊक, विजयमालेनं काही ठरवलं असेल.

हा डावपेच होता. शत्रूला आधी सावध करू नये. पाणी घेऊन विजयमाला दाराशीच उभी होती, ते नंतर कळलं. तिला डावपेच समजावणार होतो, पण ती आत गेली. त्यानंतर जरा उदास वाटलं. दोन लाडू खाल्ले.

२३ जानेवारी. रविवार, सकाळ.
आज इतिहास घडणार. धुतलेलं धोतर, नवी टोपी, खिशात स्पीच. ढवळ्यापुढे शेवटची उजळणी झाली.

त्याच दिवशी, दिवस मावळताना. शेतात.
इथे मी ढवळ्याच्या पायासाठी आलो.

घडलं ते असं. ओसरी बायकांनी भरली होती. सोजरबाई पुढच्या दाराने आल्या. धुवट पांढरं लुगडं, पदर डोक्यावरून. ओळीच्या शेवटी बसल्या. विजयमाला करंडा घेऊन एकेकीला हळदीकुंकू लावत निघाली. सोजरबाईंपाशी आली, थांबली, आणि तिने माझ्याकडे पाहिलं. काकू मोठ्याने म्हणाल्या, काहून थांबली व? काका फाटकाशी उभे होते. ते खाकरले. मग सगळ्याच बायका माझ्याकडे पाहायला लागल्या. सोजरबाई तेवढ्या पाहत नव्हत्या. त्यांनी पदर थोडा मागे सारून कपाळ पुढे केलं होतं.

मी तोंड उघडलं. म्हणालो, ढवळ्या सकाळी लंगडत होता, मी जरा पाहून येतो.

आणि आलो. ढवळ्याचे चारही पाय ठणठणीत आहेत. माझे कान अजून तापलेले आहेत. लाज वाटते. ही रोजनिशी कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो, फार लाज वाटते.

२४ जानेवारी.
मी गेल्यावर काय झालं, ते कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सोजरबाई उठून गेल्या असणार. विजयमाला जेवायला वाढून आत गेली. आई पोळी घेऊन समोर आली. मान वर केली नाही. सध्या ताटाकडे पाहूनच जेवतो. डॉक्टर लोकही म्हणतात की जेवताना जेवणाकडेच लक्ष असावं.

संकल्प: सोजरबाईंकडे जाऊन माफी मागणे. उद्या.

३० जानेवारी.
माफीचं राहिलं. शाळेवरून जायचा रस्ता सोडून नाल्याकडून जातो. व्यायामही होतो.

सोजरबाईंचं प्रकरण मीच लिहायला घेतलं. 'एका तरुण सुधारकाच्या खंबीर पाठिंब्याने' असं वाक्य झालं. चांगलं वाटत होतं. मग खोडलं. मग पेन्सिलीने परत बारीक लिहिलं.

विजयमाला म्हणाली, सोजरबाई वाशीमले बोलनार हायेत. त्यांना कुणी राजी केलं, विचारलं नाही. म्हणाली, सासूबाई बी येनार. आई? परिषदेला? मग त्या दिवशी स्वयंपाक कोण करणार?

२० फेब्रुवारी. रविवार. वाशीमहून परत आल्यावर.
बायका मंडपात पुढे, पुरुष मागे. माझ्या वाचनाचा टाइम सोजरबाईंच्या नंतर. त्या बोलायला उभ्या राहिल्या, आणि मला ज्या चार वाक्यांपलीकडे सांगेनात, त्या बाई धबधबा बोलल्या.

म्हणाल्या, साथीत पेज मी नेत होतो हे समद्याइले ठाव हाये. पन रांधत होती दुसरीच. एका मोठ्या घरची सून. मांगच्या दारानं मले पेजेचा गंज भरून देये. तिच्या मालकाले दिसे. त्यानं हो म्हनलं नाई, नाई बी म्हनलं नाई. तेवढ्या टायमाले तो बैल पाहाले जाये.

मंडप हसला. मला हसू आलं नाही. आमच्या घरातला एक पितळी गंज तेव्हा जाग्यावर नसायचा, ते आठवलं.

पुढे म्हणाल्या, यंदा त्याच घरी मले हळदीकुंकवाले बलावलं. घरचा मानूस हो म्हननार होता, तो उठून गेला. मीबी उठत होतो. तं मधल्या घरातून तीच बाई बाहीर आली. आता तीबी माह्यासारखीच, कपाय मोकळं. हाताले तीळ तसेच चिकटेल. सुनेच्या हातचा करंडा घेतला, पह्यले सोताच्या कपायाले कुंकू लावलं, मंग माह्या. म्हने, हे घर माहं बी हाये. मी हो म्हनतो. नाव नाई सांगत मी कोनाचं. तिच्या पोराले वाईट वाटीन.

टाळ्या पडल्या. पुढच्या ओळीतल्या एका बाईने पदर सावरत मागे वळून पाहिलं. आई होती. कपाळावर कुंकू. ठसठशीत. महिनाभर ती पोळी घेऊन माझ्यासमोर येत होती.

लगेच माझं नाव पुकारलं गेलं. मी उभा राहिलो. 'खंबीर पाठिंब्याने' हातात होतं. घसा बसला आहे, असं सांगितलं आणि खाली बसलो.

२१ फेब्रुवारी. सकाळ.
आज खरोखर पहाटे उठलो. आईसमोर जाऊन बसलो. म्हणालो, तुझ्या आठवणी लिहून घ्यायच्या आहेत, अगदी सुरुवातीपासून. ती सुपात तूर पाखडत होती, ते थांबवलं. मग म्हणाली, सांगीन. पन बसून आयकजो. मधातून उठून जाशीन तं नाई सांगनार.

मी मांडी पक्की घातली. हलणार नाही म्हटलं. तिने हातातलं सूप बाजूला ठेवलं आणि सुरू केलं: त्या सालात तूबी तापानं पडेल होता.

तेवढ्यात अंगणातून दौलतरावकाकांनी हाक मारली, शालिग्राम, हाये का रे घरी?

मी उठलो. नुसतं 'आलो' म्हणायला उठलो होतो. लगेच आत आलो. सूप पुन्हा हातात घेऊन आई चुलीकडे तोंड करून बसली होती, त्यामुळे कपाळ दिसलं नाही.