दुकानांपुढची सपरी

३ ऑक्टोबर
नाही म्हणजे नाही! प्रफुल्लले सांगून टाकलं — नवं घर बांधून झालं, खाली दुकानं, मधे कोचिंग, वर आपण मायलेक; पण रस्त्याकडची सपरी उघडीच राहीन. छप्पर, ओटा, पाण्याचा माठ. लेक म्हणे, "आई, नेहरू नगरात एवढी जागा फुकट कोण सोडते? अजून एक दुकान निघते!" निघू दे. आमच्या जुन्या, सेक्टर २ च्या कारखान्याच्या क्वार्टरले आंगण होतं. आल्या-गेल्याले बसाले जागा होती. इथं कोणाच्या दारात बसून दाखवा!

८ ऑक्टोबर
सपरी गच्च भरली होती. कोचिंगच्या पोरी डबा खाऊन राहिल्या होत्या. उतई गावची एक बाई लेकराले पाजत होती — भिंतीले टेकून, पाय पसरून. जशी माहेरी आली! मी वरून पाहतच राहिली. हे मी बांधलं. आमचे हे असते तं मिशीतल्या मिशीत हासले असते.

१२ ऑक्टोबर
प्रफुल्ल ऐकत नाही. "कचरा होते, लोक गाड्या उभ्या करते. कौशल्याबाईची धर्मशाळा म्हणून राहिले सारे!" म्हणू दे. पण तो जाळी ठोकतो म्हणते. मी जेवली नाही.

१५ ऑक्टोबर
काल जाळीवाला आला म्हून धावत उतरली अन् जिन्यावरून पडली! प्रफुल्ल रायपूरले. उन्नती नावाची कोचिंगची पोरगी डबा टाकून धावली — "आंटी, हिलना मत!" दुसरीनं ऑटो थांबवला. सगळ्यायनं मिळून दवाखान्यात नेलं. पायाले प्लास्टर झालं तरी एक बी घरी गेली नाही. संध्याकाळी प्रफुल्ल आला, तं त्या खाटेभोवती.
"आप लोग कौन?"
उन्नती म्हणे, "हम नीचे बैठते हैं, भैया."
बस, एवढंच. तो बाहेर गेला. फोनवर त्याचा आवाज आला — "जाळी वापस घेऊन जा."

२ नोव्हेंबर
डॉक्टरनं जिना बंद केला. कायमचा. भाड्यानं न गेलेलं कोपऱ्यातलं दुकान प्रफुल्लनं सोता धुऊन काढलं, तिथं माहा पलंग लावला. सकाळी शटर वर केलं. समोर पोरी बसून.
"आंटी, आ जाओ, चाय आ रही है!"
इतके दिवस वाटे, मी या पोरीयले जागा देल्ली. आज मीच त्यायच्या घरी राहाले आली.