‘खारफुटी’ची एक ओळ

प्रिय प्रज्योत,

नागावच्या वाडीत ‘खारफुटी’ बँड वाजवायचा, तेव्हा दारातच आपले फोन मासळीच्या टोपलीत टाकायला लावायचे. पुढे दोन दिवस कानाला सुकटीचा वास. म्हणूनच त्यांच्या शेवटच्या गाण्याचं रेकॉर्डिंग आज कुणाकडेच नाही.

बँड फुटून सहा वर्षं झाली. आम्ही जुने चाहते आता ग्रुपवर ते गाणं आठवून आठवून जुळवतोय. सगळं जमलंय, फक्त एक ओळ अडली आहे.

“प्रज्योतला पाठ असंल, तोच पुढं उभा राहून बोंबलायचा,” सुजित दर रविवारी लिहितो. मग तुझ्या गोष्टी निघतात. तो विटलेला काळा टीशर्ट, बसलेला घसा. कुणीतरी विचारतं, हल्ली असतो कुठे तो? नंबर कुणाकडेच नाही. हे पत्र पाठवायला माझ्याकडे पत्ताही नाही.

ती ओळ मला येते. तूच माझ्या कानात ओरडून शिकवलीस. दर रविवारी ग्रुपवर लिहिते आणि पाठवण्याआधीच खोडते. ओळ सापडली की तिथे तुझं नाव निघायचं बंद होईल.

अजून तुझ्या डाव्या बाजूला उभी,
कल्पिता