लायलची पन्नाशी

प्रिय लायल,

काल मार्लिसवहिनीचा फोन आला होता. म्हणाली, तू होडी विकायला काढली आहेस, आणि येत्या शुक्रवारी स्टॅन्कोच्या बारमध्ये सगळे तळलेले मासे खायला जमतील तेव्हा मस्की मासे धरायच्या तुझ्या गळाच्या काठ्या वाटून टाकणार आहेस. मी नुसतं "बरं" म्हणाले. त्यानंतर दिवसभर हाताला काम लागेना. तीन वेळा पत्र लिहायला बसले, तिन्ही कागद शेगडीत घातले. हा चौथा. फोन करता आला असता, पण तुझा आवाज ऐकला की मी हवापाण्याचं बोलत सुटते, हे तुला ठाऊकच आहे.

ऑक्टोबरातले आपले ते दोन दिवस मनातून जात नाहीत. टॅमरॅकची झाडं पिवळीधमक झाली होती आणि काठीवरच्या दोरीच्या कड्यांत बर्फ धरत होता. तू दर दहा मिनिटांनी कडी तोंडात धरून बर्फ वितळवत होतास, आणि मी ओरडत होते, "अरे, जीभ चिकटेल! मग मस्कीऐवजी तुलाच जाळ्यात घालून घरी न्यावं लागेल." सकाळी खडकाळ टोकापाशी तुला एकामागून एक चार स्मॉलमाउथ मासे लागले. गुबगुबीत, काशाच्या रंगाचे, पाण्याबाहेर उड्या मारणारे. तुझा उजवा हात गेल्या वर्षापेक्षा जास्त थरथरत होता. मी बघतेय हे तुझ्या लक्षात आलं आणि तू म्हणालास, "बरंच आहे गं, आमिष आपोआप जिवंत दिसतं." मी हसले. पण मला रडू येत होतं.

स्टॅन्को तुला किती वर्षं छळतोय! "लायल बहात्तर वर्षांचा झाला, पण पन्नाशी काही गाठली नाही!" तुला आत शिरताना पाहिलं की त्याचं हे ठरलेलं. त्या मगरतोंड्या मस्कीमागे तू सारा जन्म घालवलास. अठ्ठेचाळीस इंची मिळाला, सव्वाएकोणपन्नास मिळाला, पण पन्नास इंची नाही. आणि बारच्या भिंतीवर पितळी पाटी लागते ती पन्नासपासून पुढेच. आपल्या घरची एकच पाटी तिथे आहे, माझी. साडेपन्नास.

ती पाटी माझ्यासाठी काय होती, ते तुला कधी सांगितलं नाही. बाबा तुला पहाटे होडीत घालून न्यायचे, आणि मी धक्क्यावर बसून तुम्ही आणलेले मासे साफ करायचे. "पोरींना थंडी बाधते," म्हणायचे. तू फुटबॉलमध्ये पुढे, शाळेत पुढे, गिरणीत फोरमन. तू कधी मिरवलं नाहीस, त्याचाच जास्त राग यायचा. एकतिसाव्या वर्षी मी तो मासा धरला, तुझ्याच होडीतून, आणि मोजलासही तूच. बाबांचा नियमच होता ना, धरणाऱ्यानं मोजायचं नाही, मोजणाऱ्यानं धरायचं नाही. तू केवढ्यानं ओरडलास, "साडेपन्नास! आर्डिस, साडेपन्नास!" त्या संध्याकाळी बाबांनी पहिल्यांदा माझ्यासाठी खुर्ची ओढली. तेवढी एकच गोष्ट, जिच्यात मी तुझ्यापुढे होते.

आणि मग दुसऱ्या दिवशीची दुपार. शेवाळाच्या कडेला तू आमिष ओढत होडीपाशी आणलंस, काठीचं टोक पाण्यात बुडवून आठचा आकडा काढलास, दुसऱ्या वळणाला पाणी फुटलं आणि मस्कीनं आमिष पकडलं. तुझे हात थरथरत होते, पण दोरी तू एकदाही सैल सोडली नाहीस. मी जाळं घातलं. तू त्याला दोन्ही हातांनी उचलून बाबांच्या देवदारी मोजपट्टीवर ठेवलंस, आणि तुझी नजर त्याच्या डोळ्यावरच होती. आकड्याकडे तू पाहिलंसच नाहीस, कारण मोजणारी मी होते. मी म्हणाले, "साडेएकोणपन्नास." तू म्हणालास, "जा राजा, अर्धा इंच वाढून ये," आणि शेपटी धरून त्याला पाण्यात सरळ तरंगत ठेवलंस, त्याला जोर येईपर्यंत. मी दोन्ही हात खिशात घालून बसले होते. तुला वाटलं, मला थंडी वाजतेय. तू तुझे हातमोजे काढून मला दिलेस.

बारमध्ये तर तू कहरच केलास. स्टॅन्को म्हणाला, "भावासाठी अर्धा इंच ताणला असता तर काय बिघडलं असतं, आर्डिस?" तर तू माझ्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "दुसरी कुणी असती तर ताणला असता. आमची आर्डिस नाही! बाबांची पट्टी आहे ती, चालतीबोलती." सगळ्यांनी माझ्या नावानं ग्लास उंचावले. मी ब्रँडी प्यायले, मान खाली घालून. सगळे म्हणाले, बघा, लाजतेय. त्यानंतर आज सकाळपर्यंत मी तिथे पाऊल टाकलं नव्हतं. पाठ दुखते म्हणून सांगितलं होतं, तेही खोटंच.

लायल, तुझा मासा सव्वाएक्कावन्न इंचांचा होता. नाक पट्टीच्या टोकाला टेकलेलं होतं, तोंड मिटलेलं होतं, शेपूट सव्वाएक्कावन्नवर होती, आणि मी ते दोनदा वाचलं. नजरचूक नव्हती ती. बारच्या भिंतीवर माझ्या पाटीच्या वर तुझी पाटी डोळ्यांसमोर आली, आणि तोंडातून दुसराच आकडा निघाला. तू मासा पाण्यात धरून बसला होतास तेवढा वेळ खरं सांगता आलं असतं, पण मी तुझ्या हातमोज्यांत हात घालून गप्प राहिले. मला स्वतःची इतकी लाज वाटते की आरशासमोर केससुद्धा विंचरत नाही. आज सकाळी मी स्टॅन्कोकडे जाऊन माझी पाटी उतरवून घेतली. का, ते त्याला सांगितलं नाही, आधी तुला कळायला हवं होतं. शुक्रवारी मी येतेय. तू काठ्यांना हात घालायच्या आधी मी उभी राहीन आणि सगळ्यांसमोर तुझा आकडा सांगेन. मग तू मला घरी सोडायला आला नाहीस तरी चालेल. पत्राबरोबर बाबांची पट्टी पाठवतेय. सव्वाएक्कावन्नवर सुरीनं खाच केली आहे. आता ती तुझ्याकडेच असू दे, मोजायचा हक्क मी गमावला आहे.

म्हातारपणी तुझ्याशी खोटं वागलेली, तरी तुझीच,
आर्डिस