आमच्या घरातनं केलंय

आई, आज सोलापुरात शेतकी प्रदर्शनात उसाच्या चिपाडाची वैरण मांडलेली पाहिली. वर पाटी, 'नवा प्रयोग'. नवा म्हणे! इतक्या वर्षांनी माझं डोकं पुन्हा फिरलं.

इंग्रजी अमदानीतलं ते साल आठवतं ना? टेंभुर्णीकडे पाऊस नाही, कडबा संपलेला. गुऱ्हाळात रस काढून उरलेली चिपाडं चुलवणात जाळायची, एवढंच सगळ्यांना ठाऊक. तू ती विळ्यानं बारीक केलीस आणि कढत्या रसावरून काढलेल्या मळीच्या पाण्यात भिजवलीस. आबा ओरडले, "गुरांना जळण घालतीस व्हय? येड लागलंय का?" पहिल्या दिवशी मळी जास्त झाली, बैलाला हगवण लागली, तेव्हा त्यांनी पाटीच उधळली. तू मुकाट्यानं गोळा केलीस. मळी कमी केलीस, मूठभर पेंड आणि मीठ घातलंस, आधी म्हशीला चारलंस आणि आठ दिवस तिच्या शेणावर नजर ठेवलीस. गावातल्या दावणी ओस पडल्या, आपले बैल जगले.

मग पुण्याहून शेतकी खात्याचे, पुस्तकी मराठी शिकलेले गोरे साहेब आले. "ही कल्पना कोणाची?" आबा म्हणाले, "आमच्या घरातनं केलंय जी ह्ये." आपल्याकडे 'घरातनं' म्हणजे बायको, हे शेंबड्या पोरालाही कळतं. साहेबांना वाटलं, म्हणजे यांच्याच घरी, यांनीच. त्यांनी आबांची पाठ थोपटली आणि त्यांचं नाव लिहून घेतलं. साहेब चुकतायत हे आबांना कळत होतं गं! एक वाक्य बोलायचं होतं. पुढं चावडीत त्यांना फेटा बांधला आणि सगळ्यांचा चहा तू केलास. तूही दाराआड गप्प. मला तुझाही राग येतो.

छापील प्रशस्तिपत्र आलं. घरात वाचता येणारी मी एकटीच. आबा बाहेर गेल्यावर तू पदराला हात पुसत जवळ आलीस. "माजं नाव कुटं हाय गं त्यात?" कागदावर आबांचं नाव, गावाचं नाव आणि साहेबांची सही. मी आबांच्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हितं." तू त्या अक्षरांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत राहिलीस.

हे पत्र टाकणार कुठं? आयुष्यभर मी आबांना बोल लावला. पण ते नुसते गप्प राहिले; तुझ्या तोंडावर खोटं बोलले ती मी.